फुटबॉलचा प्रेक्षक : फातोर्ड्याच्या गॅलरीपासून बऱ्हाणपूरच्या पडद्यापर्यंत

फुटबॉलला गोव्यात राज्यखेळाचा मान आहे. या खेळाचा इतिहास लिहिला जातो तो खेळाडूंचा, संघांचा आणि चषकांचा. तिकीट काढून किंवा कुंपणाबाहेरच्या झाडावर चढून सामना पाहणाऱ्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. गेल्या चाळीस वर्षांत मात्र या खेळात सर्वाधिक बदलला तो हाच घटक. सामना आजही नव्वद मिनिटांचा असतो, गोलखांबही तेवढेच रुंद आहेत. पण तो कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या नावाने आणि कोणासाठी खेळवायचा, हे ठरवण्याचा अधिकार हळूहळू दूरचित्रवाणीकडे आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या पैशाकडे गेला. हे कसे घडले आणि गोव्याच्या प्रेक्षकाला त्यातून काय मिळाले, काय गमवावे लागले, याचा हा आढावा.

मैदानाच्या कडेचा काळ

गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ च्या सुमारास, शिवोलीला आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंमुळे, असे मानले जाते. चर्चच्या शाळांतून तो गावोगावी गेला. भातकापणीनंतर मोकळ्या पडलेल्या शेतात दोन बांबू रोवले की मैदान तयार होई. फेस्ताच्या दिवसांत वाड्यावाड्यांच्या स्पर्धा भरत आणि त्या पाहायला अख्खा गाव लोटे. धर्माची कुंपणे या खेळाने फारशी मानली नाहीत. भारताचा कर्णधार झालेला, अर्जुन आणि पद्मश्री या दोन्ही सन्मानांचा मानकरी ठरलेला गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर ताळगावचा. त्याच्या काळातच, १९८२-८३ मध्ये, गोव्याने संतोष चषक बंगालबरोबर वाटून घेतला आणि पुढच्याच वर्षी तो एकट्याने जिंकला. त्या संघातले खेळाडू प्रेक्षकाला बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात भेटत. गोल हुकवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पाववालाही जाब विचारी.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पूर्वी खेळ निर्मळ होता आणि पुढे पैशाने तो बाटवला, ही सोपी मांडणी गोव्याला लागू पडत नाही. पैसा येथे पहिल्यापासून होता. वास्कोचा साळगावकर संघ १९५६ चा. त्यानंतर धेंपो, सेसा अशा खाण उद्योगातील घराण्यांचे आणि कंपन्यांचे संघ उभे राहिले. खेळाडूला नोकरी मिळे, बूट मिळत, महिन्याचा पगार मिळे आणि चांगला खेळाडू पळवून नेण्याची चढाओढही होई. पुढे वार्का येथून चर्चिल ब्रदर्सचा संघ पुढे आला, तोही एका कुटुंबाच्या खिशावर. मात्र या मालकांनी प्रेक्षकाकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहिले नाही. खाणीतून मिळवायचे आणि मैदानावर मिरवायचे, असा तो हिशेब होता. तिकिटाच्या पैशांतून संघ चालत नव्हता, जाहिरातीतूनही नव्हता. प्रेक्षक हा साक्षीदार होता. त्याच्यासमोर प्रतिष्ठा मिळवायची होती. या व्यवस्थेत आश्रयदात्याची लहर चाले आणि खाणी अडचणीत आल्या की संघही अडचणीत येत, हेही तितकेच खरे. २०१२ मध्ये राज्यातील खाणकाम थांबले तेव्हा त्याचा फटका कुठे कुठे बसला, याच्या यादीत फुटबॉलचे नाव घ्यावेच लागेल.

रात्री साडेअकराचा सामना

दूरचित्रवाणीने खेळाला कसे वळण दिले, याचे एक जुने उदाहरण १९८६ च्या मेक्सिको विश्वचषकात सापडते. तेथील अनेक सामने भर दुपारी बारा वाजता, रणरणत्या उन्हात खेळवले गेले, कारण त्या वेळी युरोपात संध्याकाळ असे आणि तेथील घरोघरी संच सुरू असत. दिएगो मॅराडोना आणि त्याचा सहकारी होर्खे वाल्दानो यांनी याविरुद्ध उघड तक्रार केली. तिचा काही उपयोग झाला नाही. मेक्सिकोची ती दुपार आपल्याकडे रात्री साडेअकराला येई. दूरदर्शनवर हे सामने दिसले आणि ज्यांच्या घरी संच होता त्यांच्या ओसरीत शेजारपाजारची मंडळी जमू लागली. मॅराडोनाचे दोन गोल त्या पिढीने एकत्र बसून पाहिले. मैदानावरच्या गर्दीसारखीच ती गर्दी होती, फक्त ज्यांच्यासाठी ओरडायचे ते अर्धे जग पलीकडे होते.

त्या रात्रींनी गोव्याच्या प्रेक्षकाला तुलना शिकवली. तोपर्यंत उत्तम गोलरक्षक म्हणजे ब्रह्मानंद आणि उत्तम सामना म्हणजे साळगावकर विरुद्ध धेंपो, अशी मापे होती. आता जगातली सर्वोत्तम मापे घरात आली. कोणी ब्राझीलचा झाला, कोणी पोर्तुगालचा, कोणी अर्जेंटिनाचा; दर चार वर्षांनी गावागावांत झेंडे लागू लागले. ज्ञान वाढले, नजर तयार झाली. त्याचबरोबर दुपारी चार वाजता टिळक मैदानावर जाऊन स्थानिक साखळीतला रटाळ, गोलशून्य सामना पाहण्याचा धीरही कमी होत गेला. हे नुकसान सावकाश झाले, म्हणून ते कोणाच्या लक्षात आले नाही.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि चार वर्षांनी येणारा सण दर शनिवारी येऊ लागला. इंग्लंडमधील लीगचे सामने आपल्या संध्याकाळच्या चहाच्या वेळेला दिसू लागले. हा योगायोग नव्हता. इंग्लंडमधील शनिवारचा दुपारी साडेबाराचा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात पाच वाजता आणि हिवाळ्यात सहा वाजता सुरू होतो. आशियातील बाजारपेठेला इतकी सोयीची वेळ दुसरी नाही.

इंग्लंडमधील वळण

या बदलाचे मूळ इंग्लंडमध्ये असल्याने तेथे थोडे थांबणे आवश्यक आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर गर्दीत चेंगरून लिव्हरपूलच्या प्रेक्षकांचा बळी गेला; मृतांचा आकडा पुढे ९७ वर गेला. त्यानंतरच्या टेलर अहवालाने मोठ्या मैदानांवरील उभ्याने सामना पाहण्याच्या जागा काढून सर्वत्र खुर्च्या बसवण्याची शिफारस केली. प्रेक्षकाचा जीव सुरक्षित झाला, ही फार मोठी गोष्ट होती. मात्र खुर्च्या आल्या तशी जागा कमी झाली आणि तिकीट महागले. १९९२ मध्ये अव्वल क्लबांनी जुन्या लीगमधून बाहेर पडून प्रीमियर लीग स्थापन केली. पहिल्या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांची किंमत होती ३० कोटी ४० लाख पौंड. २०१६ ते २०१९ या तीन वर्षांसाठी केवळ ब्रिटनमधील थेट प्रक्षेपणाचे हक्क पाच अब्ज पौंडांहून अधिक किमतीला विकले गेले.

तिकडे पूर्वी जवळपास सगळे सामने शनिवारी दुपारी तीनला होत. आता ते शुक्रवार रात्रीपासून सोमवार रात्रीपर्यंत विखुरले. दूरच्या गावी संघामागे जाणाऱ्याला परतीची गाडी मिळेनाशी झाली. तेथील प्रेक्षक गप्प बसला नाही, हे सांगायला हवे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने एका तिकिटाचा दर ७७ पौंड करण्याचे ठरवले, तेव्हा हजारो प्रेक्षक सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर पडले. मालकांनी काही दिवसांतच निर्णय फिरवला. त्याच वर्षापासून पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा घालण्यात आली. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील बड्या क्लबांनी स्वतःपुरती 'सुपर लीग' काढण्याची घोषणा केली, तीही इंग्लंडमधील प्रेक्षक रस्त्यावर उतरल्यावर दोन-तीन दिवसांत कोसळली.

आजोळचा पडदा

माझे आजोळ बऱ्हाणपूरचे. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीने रावेर मागे टाकले की थोड्याच वेळात मध्य प्रदेश लागतो. पण मामांच्या गल्लीत मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात नांदतात. तापीकाठचे हे जुने मोगली शहर आज यंत्रमागांसाठी ओळखले जाते. माझ्या लहानपणी तिथल्या मोकळ्या जागांवर मी क्रिकेटच पाहिले. फुटबॉल म्हटले की मामा मला 'गोव्याचा' म्हणून चिडवत, जणू हा खेळ मी गोव्याहून पिशवीत घालून आणला होता.

३१ मे २००२ ची संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. जपान आणि कोरियातील विश्वचषक केबलवर टेन स्पोर्ट्स या नव्याच वाहिनीने दाखवला. पाच वाजता सेनेगल आणि गतविजेता फ्रान्स यांचा पहिला सामना सुरू झाला. शेजारच्या मागांचा खडखडाट चालू होता. अर्ध्या तासाने पापा बूबा दियोपने गोल केला आणि त्यानंतर काही वेळातच वीज गेली. माग थांबले, पंखा थांबला, पडदाही काळा झाला. फ्रान्स हरला हे आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळले. त्या वेळी खोलीत आम्ही चौघे होतो आणि त्यांतल्या तिघांनी त्यापूर्वी फुटबॉलचा सामना पाहिला नव्हता.

त्या तिघांपैकी एक माझा मामेभाऊ. आज तो इंग्लंडमधील एका क्लबचा कट्टर समर्थक आहे. रात्री दीड-दोनपर्यंत जागून सामने पाहतो, खेळाडूंच्या दुखापतींची खबर ठेवतो, क्लब हरला तर सकाळी फोन उचलत नाही. त्याने आजवर एकाही मैदानात पाऊल ठेवलेले नाही. त्याच्या निष्ठेला खोटे म्हणण्याचा अधिकार मला नाही. २०१६ नंतर स्वस्त झालेल्या मोबाइल डेटाने त्याच्यासारखे असंख्य समर्थक घडवले आहेत. दूरचित्रवाणी नसती तर त्याच्या आयुष्यात फुटबॉल आलाच नसता. गोव्याच्या आणि बऱ्हाणपूरच्या प्रेक्षकाचा हिशेब वेगळा आहे तो एवढ्यासाठी. त्याच्यासाठी पडदा ही निव्वळ कमाई आहे. आपल्याकडे पडदा आला तेव्हा मैदान आधीपासून होते.

सातशे कोटींचा करार

भारतात राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली ती १९९६ मध्ये, नॅशनल फुटबॉल लीग या नावाने. २००७ मध्ये तिची आय-लीग झाली. त्यानंतर गोव्याच्या क्लबांनी जे केले, त्याला भारतीय फुटबॉलमध्ये तोड नाही. २००७-०८ ते २०१२-१३ या सलग सहा हंगामांत विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. धेंपो तीन वेळा, चर्चिल ब्रदर्स दोन वेळा, साळगावकर एकदा. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखालील धेंपोने २००८ मध्ये एएफसी चषकाची उपांत्य फेरीही गाठली. एका लहानशा राज्यातील तीन क्लब देशावर राज्य करत होते, आणि नेमक्या याच काळात फातोर्ड्याच्या गॅलरीत मोकळ्या जागा वाढत होत्या, हे तेव्हा सामने पाहिलेला कोणीही सांगेल. देशभर तर या पराक्रमाची दखल घेणारे थोडेच होते. प्रक्षेपण कंटाळवाणे, कॅमेरे मोजके, जाहिरात जवळजवळ नाही. झी समूहाबरोबरचा महासंघाचा दहा वर्षांचा करार २०१० मध्ये अर्ध्यावरच संपुष्टात आला.

त्याच वर्षी मुंबईच्या महिंद्र युनायटेडने आपला संघ बंद केला. पुढच्या वर्षी पंजाबच्या जेसीटी मिलने तोच मार्ग धरला. कंपन्यांनी प्रतिष्ठेसाठी संघ पोसण्याचा काळ संपत आल्याची ही चिन्हे होती. डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सबरोबर पंधरा वर्षांचा, सातशे कोटी रुपयांचा करार केला आणि भारतीय फुटबॉलचे व्यावसायिक हक्क त्यांच्या हाती सोपवले. या करारातून जन्मलेली इंडियन सुपर लीग १२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्यात सुरू झाली.

आयएसएलची रचना दूरचित्रवाणीला समोर ठेवूनच करण्यात आली होती. आठ शहरे, आठ नवे संघ, चित्रपट आणि क्रिकेटमधले प्रसिद्ध चेहरे, कारकिर्दीच्या उतारावरचे पण जगभर ओळखीचे परदेशी खेळाडू, रोज संध्याकाळी सात वाजता एक सामना. पहिले हंगाम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचे होते. पदावनती नव्हती, त्यामुळे तळाच्या संघाच्या प्रेक्षकाला शेवटच्या सामन्यापर्यंत जिवाची धाकधूक असते, तीही नव्हती. गोव्याच्या वाट्याला एफसी गोवा आला. साळगावकर आणि धेंपो या दोन्ही घराण्यांतील उद्योजक त्याच्या मालकवर्गात होते आणि सहमालक म्हणून विराट कोहलीचे नाव होते. प्रशिक्षक झिको, मैदानावर रॉबर्ट पिरेस. ज्यांना आपण दूरदर्शनवर पाहिले, ते मडगावात राहायला आले.

या लीगने फातोर्डा पुन्हा भरले, हे मान्य केले पाहिजे. सुमारे एकोणीस हजार प्रेक्षकांचे नेहरू स्टेडियम केशरी झाले. पूर्वी ज्या गॅलरीत बायका-मुली क्वचित दिसत, तेथे सबंध कुटुंबे येऊ लागली. स्वच्छतागृहे, आसने, प्रकाशझोत, सगळेच सुधारले. 'ईस्ट लोअर आर्मी'सारखा समर्थकांचा गट ढोल-ताशे घेऊन नव्वद मिनिटे उभा राहू लागला. २० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्ड्यावर झालेला अंतिम सामना आठवा. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने गोव्याला २-१ अशी आघाडी दिली आणि त्यानंतर पाच मिनिटांत चेन्नईयिनने दोन गोल करून चषक नेला. त्या रात्री स्टेडियमबाहेर जी शांतता पसरली, ती जाहिरातदाराला विकत घेता येणार नाही अशी होती. नव्या संघाला वर्षभरात जुने दुःख मिळाले.

मुद्दा राहतो तो जुन्या संघांचा. आयएसएलला प्रथम दर्जा आणि आय-लीगला दुय्यम, असा आराखडा महासंघाने मांडला, तेव्हा जून २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली. दुसऱ्या श्रेणीतून जिंकून वर आलेल्या धेंपोनेही त्याच वर्षी तोच निर्णय घेतला. सहा वर्षे देशावर राज्य केलेल्या भूमीतून राष्ट्रीय लीगमध्ये परतला तो एकटा चर्चिल ब्रदर्स. धेंपोला आय-लीगमध्ये पुन्हा दिसायला २०२४-२५ चा हंगाम उजाडावा लागला.

वास्कोचा एखादा जुना प्रेक्षक आणि वार्क्याचा एखादा प्रेक्षक यांचे आता काय व्हायचे? एकमेकांचा संघ हरावा म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे नवस बोलले, ते एकाच केशरी शर्टात शेजारी बसले. काहींना हे आवडले. राज्याचा एक संघ असावा, ही भावना खोटी नव्हती. संतोष चषकाच्या वेळी ती नेहमीच असे. परंतु संतोष चषक वर्षातून एकदा येई आणि बाकीचे महिने आपापसांतल्या वैराचे असत. त्या वैरावरच सासष्टी आणि मुरगावचे फुटबॉल पोसले गेले होते. दूरचित्रवाणीच्या नकाशावर राज्याला एकच ठिपका असतो. मडगाव आणि वास्को यांच्यातले अंतर त्यावर दिसत नाही.

रिकामे स्टेडियम, भरलेला पडदा

महामारीच्या काळात या प्रवासाचे टोक गाठले गेले. २० नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झालेला आयएसएलचा हंगाम संपूर्णपणे गोव्यात झाला. अकरा संघ, एकशे पंधरा सामने, तीन मैदाने : फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान. देशातले अव्वल फुटबॉल सलग चार महिने आपल्या दारात होते आणि आपल्याला आत प्रवेश नव्हता. टिळक मैदानाच्या आसपास राहणाऱ्यांना रात्री प्रकाशझोत दिसत, पंचाची शिट्टी ऐकू येई आणि गोल मात्र घरातल्या पडद्यावर पाहावा लागे. प्रक्षेपणात गर्दीचा आवाज वरून मिसळलेला असे. खिडकीतून खरी शांतता आणि संचातून खोटा जल्लोष, असा तो विचित्र अनुभव होता.

पुढच्या एप्रिलमध्ये याहून मोठी हुरहुर वाट्याला आली. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गट साखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान एफसी गोवाने मिळवला. १४ एप्रिल २०२१ रोजी त्याने फातोर्ड्यावर कतारच्या अल रय्यानला शून्य-शून्य असे रोखले. समोरच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रान्सचा लॉरां ब्लां बसला होता. आपल्या क्लब फुटबॉलच्या इतिहासातील या मोठ्या संध्याकाळी गॅलरीत एकही गोवेकर प्रेक्षक नव्हता. यात कोणाचा दोष नाही. साथीचे दिवस होते. पण प्रेक्षकाशिवाय सामना पूर्ण होऊ शकतो, प्रक्षेपणाशिवाय होऊ शकत नाही, हे त्या वर्षाने सर्वांना दाखवून दिले.

शेवटची बस

मैदाने पुन्हा उघडली, तेव्हा जुनाच प्रश्न नव्याने पुढे आला : सामन्याची वेळ. सामना साडेसातला सुरू झाला तर साडेनऊच्या पुढे संपतो. काही हंगामांत तो आठला सुरू होऊ लागला. मडगाव शहरात राहणाऱ्याला किंवा स्वतःची गाडी असणाऱ्याला यात अडचण नाही. काणकोण, सत्तरी, पेडणे येथून येणाऱ्याला आहे. आपल्याकडे रात्री आठनंतर बस किती मिळतात, हे या वाचकवर्गाला सांगण्याची गरज नाही. माझ्या ओळखीचे वाळपईचे एक निवृत्त शिक्षक धेंपोचे सामने पाहायला दुपारच्या बसने जात आणि दिवेलागणीला घरी परतत. आयएसएलचे ते फक्त दोन सामने पाहू शकले, तेही मुलाने गाडीने नेले म्हणून. ते अजूनही प्रत्येक सामना पाहतात, घरी बसून. प्रक्षेपण कंपनीच्या हिशेबात त्यांची संख्या एकाने वाढली. फातोर्ड्याच्या हिशेबात ती एकाने घटली.

कोणत्या वाहिनीवर किंवा कोणत्या अ‍ॅपवर सामना दिसेल, हे मात्र त्यांना दर हंगामात नव्याने विचारावे लागते. स्टार स्पोर्ट्सकडून हक्क २०२३ मध्ये व्हायाकॉम १८ कडे गेले. पुढे मालक कंपन्यांचेच विलीनीकरण झाले. खेळ फुकट की वर्गणी भरून, दूरचित्रवाणीवर की मोबाइलवर, हे सारे प्रेक्षकाला न विचारता ठरते.

तारांकित पाहुण्यांची गोष्टही अशीच. ऑगस्ट २०२५ मध्ये एफसी गोवाच्या गटात सौदी अरेबियाचा अल नास्र आला आणि क्रिस्तियानो रोनाल्डो फातोर्ड्यावर खेळणार, या कल्पनेने राज्य ढवळून निघाले. पोर्तुगालशी आपला जुना संबंध असल्याने या उत्साहाला वेगळीच धार होती. २२ ऑक्टोबरला सामना झाला. रोनाल्डो आला नाही. त्या रात्री एफसी गोवा १-२ असा हरला, पण ब्रायसन फर्नांडिसने केलेला गोल आणि संघाने दिलेली झुंज पाहिली, तर ज्यांनी फक्त रोनाल्डोसाठी तिकीट काढले त्यांचीही निराशा व्हायला नको होती. दुसऱ्या दिवशी चर्चा मात्र न आलेल्या माणसाचीच अधिक झाली.

पैसा थांबतो तेव्हा

ज्या कराराने हे सारे उभे केले, त्याची मुदत ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होती. नूतनीकरण न झाल्याने आयोजक कंपनीने जुलैमध्येच २०२५-२६ चा हंगाम स्थगित ठेवला. महासंघाने व्यावसायिक हक्कांसाठी निविदा काढली, तेव्हा नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही. करार संपण्याच्या आदल्या दिवशी, ७ डिसेंबरला, फातोर्ड्यावर एफसी गोवाने ईस्ट बंगालला पेनल्टींवर हरवून सुपर चषक राखला. आपला संघ चषक उंचावत होता आणि त्याला पुढचा लीग सामना कधी मिळेल, हे त्या क्षणी कोणालाच ठाऊक नव्हते. अखेर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून आखूड हंगामाची घोषणा केली.

खाणमालकांच्या काळातही संघ एका माणसाच्या निर्णयावर अवलंबून असे, हे वर सांगितलेच आहे. तेव्हा एक संघ बुडाला तरी लीग चालू राहत असे. आता एका करारावर देशातली अख्खी अव्वल लीग टांगलेली होती. माझ्या मते सातशे कोटींच्या व्यवहारातील खरी चूक येथे आहे. पैसा बाहेरून आणणे चुकीचे नव्हते. तो थांबला तर काय, याचे उत्तर पंधरा वर्षांत कोणी तयार ठेवले नाही.

जर्मनीत क्लबच्या मतदानाचा बहुमताचा हक्क सभासदांकडे राहावा असा नियम आहे. तेथील प्रेक्षकांनी सोमवार रात्रीच्या सामन्यांविरुद्ध मैदानात टेनिसचे चेंडू फेकून निषेध केला आणि ते सामने बंद करून घेतले. २०२४ च्या सुरुवातीला लीगच्या प्रक्षेपण व्यवसायात गुंतवणूकदार आणण्याचा बेतही त्यांनी अशाच निदर्शनांनी हाणून पाडला. आपल्याकडे प्रेक्षक संघटित आहे तो ढोल वाजवण्यापुरता. लीग थांबली त्या महिन्यांत त्याचे मत कोणी विचारल्याचे दिसले नाही.

मराठी मुलखात याच्या अगदी उलट चित्र पाहायचे असेल तर कोल्हापूरला जावे. तेथे संघ तालमींचे आणि पेठांचे आहेत : पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. दुपारच्या उन्हात शाहू स्टेडियम गर्दीने फुलते आणि सामन्याची वेळ ठरते ती पेठेच्या सोयीने. व्यापारीकरण तेथेही पोहोचले आहे. नेत्यांच्या नावाचे चषक आहेत, मोठ्या रकमांची बक्षिसे आहेत, आफ्रिकेतून आणलेले खेळाडू आहेत. समर्थकांच्या हाणामाऱ्यांमुळे स्पर्धा थांबवण्याचीही वेळ आली आहे, तेव्हा त्या चित्राला सोन्याची चौकट घालण्याचे कारण नाही. पण या मातीतून अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, आणि पेठेतल्या प्रेक्षकाला आपला संघ पुढच्या वर्षी असेल की नाही, ही चिंता कधी करावी लागत नाही.

गोव्यातही असे मैदान अजून शिल्लक आहे. गोवा प्रोफेशनल लीगचे सामने म्हापशाच्या धुळेर स्टेडियमवर आणि इतरत्र दुपारी होतात. साळगावकर, धेंपो, चर्चिल, वास्को ही जुनी नावे तेथे दिसतात. प्रेक्षक शंभर-दोनशे असतात, कधी त्याहून कमी. अलीकडे यातले काही सामने यूट्यूबवर दाखवले जातात. मागच्या हंगामात मी धुळेरला असाच एक सामना पाहत बसलो होतो. मध्यंतराला बऱ्हाणपूरहून मामेभावाचा फोन आला. तो तोच सामना आपल्या मोबाइलवर पाहत होता आणि त्याला दोनच गोष्टी हव्या होत्या : डाव्या बगलेवरून धावणाऱ्या त्या पोराचे नाव काय, आणि एवढ्या चांगल्या मैदानात माणसे का नाहीत. पोराचे नाव मी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारून सांगितले.